पान लागलं, पण नोंद कुठाय?

आमच्याकडं 'साप चावला' असं सहसा कुणी म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात. रात्री तर सापाचं नावच घ्यायचं नसतं. जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं. शिरोळ तालुक्यातल्या माझ्या आजोळी शेजारचे एक आण्णा होते. रात्रीच्या लाईटला उसाची दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला, गेले आणि पहाटे माणसं त्यांना धरून घेऊन आली. मामी आईच्या कानात एवढंच बोलली, "आण्णांना पान लागलंय." आधी त्यांना देवळात नेलं, मग उतारा देणाऱ्याकडं. दवाखान्याची वाट धरेपर्यंत उन्हं वर आली होती. आण्णा वाटेतच गेले. पुढं कधीतरी मी त्यांच्या मुलाला विचारलं, दाखल्यावर काय लिहिलंय? मरणाचं कारण सांगणारा असा कागद घरात कुठंच नव्हता.

असा एखादा माणूस सरकारदरबारी नुसता मेलेला असतो, साप चावून मेलेला नसतो. अशी माणसं हजारांनी असली, तर त्या रोगाला औषध किती लागेल, कुठल्या तालुक्यात ठेवावं लागेल, याचा हिशेबच मांडता येत नाही. जगातल्या आरोग्याच्या विषमतेबद्दल बोलताना आपण औषधांच्या किमती, डॉक्टरांची संख्या, रस्ते यांच्याबद्दल बोलतो. माझ्या मते ती विषमता त्याआधीच सुरू होते. कुणाचं मरण मोजलं जातं आणि कुणाचं नाही, तिथंच.

हे मोजण्याचं काम कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठाशी जोडलेल्या एका केंद्रानं हाती घेतलं. त्याचं नाव सेंटर फॉर ग्लोबल हेल्थ रिसर्च, प्रमुख डॉ. प्रभात झा. जन्म-मृत्यूच्या नोंदी बघणाऱ्या भारताच्या महानिबंधक कार्यालयाबरोबर त्यांनी 'मिलियन डेथ स्टडी' नावाचा मोठा अभ्यास उभा केला. त्याची पद्धत साधी आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. देशभरातून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ६,६७१ भाग निवडले, त्यांत सुमारे ११ लाख घरं आली. ज्या घरात मृत्यू झालेला असेल तिथं प्रशिक्षण दिलेला माणूस जातो, घरच्यांसमोर बसतो आणि विचारतो: काय झालं होतं? किती वेळ लागला? पापण्या जड झाल्या होत्या का? लघवीतून रक्त गेलं होतं का? घरचे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो. ती कहाणी दोन डॉक्टर वेगवेगळी वाचतात आणि एकमेकांना न विचारता कारण ठरवतात. मतभेद झाला तर तिसरा, ज्येष्ठ डॉक्टर निवाडा करतो. आपल्या मामी-काकी दारात बसून जे सांगतात, तेच इथं पुरावा म्हणून घेतलं जातं.

२०११ मध्ये या अभ्यासातून सर्पदंशाचा आकडा बाहेर आला. २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४६ हजार मृत्यू. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत दिसणारा आकडा याच्या कितीतरी खाली होता. मेलेल्यांपैकी ९७ टक्के खेड्यातले, आणि ७७ टक्के मृत्यू दवाखान्याबाहेर झालेले. म्हणजे दवाखान्याच्या रजिस्टरात ते येणार तरी कसे? २०२० मध्ये याच गटानं नवा हिशेब मांडला: २००० ते २०१९ या वीस वर्षांत १२ लाख मृत्यू, वर्षाला सरासरी ५८ हजार. दिवसाला जवळजवळ १६०. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमधले, आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची लेकरं.

याच्या शेजारी ऑस्ट्रेलिया ठेवून बघा. जगातले काही अतिविषारी साप तिथं आहेत. तिथं वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं साप चावून मरतात. फरक सापाच्या विषात नाही, चावल्यापासून सुईपर्यंतच्या वाटेत आहे.

ती वाट आपल्या जिल्ह्यात कशी आहे ते पाहू. कोल्हापूरच्या पूर्वेला शिरोळ, हातकणंगले म्हणजे उसाचा पट्टा. पाचटात उंदीर, उंदरामागं घोणस. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी. तिथल्या एखाद्या धनगरवाड्यावरून डांबरी रस्त्याला लागायलाच पाऊण तास मोडतो. आणि दोन्हीकडं एक गोष्ट सारखीच: शेतीपंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मग चिखलात, अंधारात, अनवाणी सरीत उभं राहायचं. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांनी कोल्हापुरात धरणं धरलं होतं. ती मागणी मला आरोग्याचीच मागणी वाटते.

आता विषाकडं. घोणशीचं विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना एकदम चेतवतं. अंगभर बारीक गुठळ्या व्हायला लागतात आणि गोठण्याचा सगळा कच्चा माल त्यातच संपून जातो. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही. मूत्रपिंडं निकामी होतात. मण्यारीचं अगदी उलट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुतेकदा दुखत नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. म्हणून खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी ही मण्यारीवरची खरी प्रतिबंधक साधनं आहेत.

घोणशीचं विष अंगात भिनलंय का, हे ओळखायची एक चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, तिच्यात रुग्णाचं २ मिलिलिटर रक्त घालायचं आणि २० मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची. मग एकदा आडवी करायची. गोठलेलं रक्त तळाला धरून राहतं. ओघळलं, तर विषानं काम सुरू केलंय, प्रतिविष, म्हणजे विषावरचं औषध, लगेच लावायचं. नळी काचेचीच हवी, कारण रक्त गोठायला काचेचा स्पर्श लागतो. प्लास्टिकच्या नळीत हे बिनसतं. साबणानं धुतलेली असली तरी उत्तर चुकतं. वाडीवस्तीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे जमतं. जगाच्या पाठीवर गरिबांसाठी याहून चांगली चाचणी फार थोड्या रोगांना मिळाली असेल.

प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या अंगात प्रतिपिंडं, म्हणजे विषाला निष्प्रभ करणारी प्रथिनं, तयार करतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. आपल्याकडचं बरंचसं विष तामिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. ती १९७८ मध्ये सुरू झाली. पण एकाच जातीच्या सापाचं विष ठिकाणानुसार बदलतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिलंय. तामिळनाडूच्या सापावर घडवलेलं औषध दुसऱ्या प्रांतातल्या चाव्यावर कमी पडू शकतं. त्यामुळं प्रांतवार विष गोळा करायला हवं, हे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

सुरुवातीच्या डोसला साधारण ८ ते १० कुप्या लागतात. आणि लहान मुलालाही तेवढ्याच. पालक घाबरून विचारतात, "एवढंसं पोर हाय, डॉक्टर, जास्त व्हायचं न्हाई का?" पण साप समोर कोण आहे बघून विष कमी-जास्त सोडत नाही. औषध विषाच्या मापानं द्यायचं, माणसाच्या वजनानं नाही. घोड्याच्या प्रथिनांची काहींना जोरात रिॲक्शन येते, म्हणून ती आवरणारं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवावं लागतं. या रिॲक्शनच्या भीतीपायीच लहान केंद्रातून रुग्णाला पुढं पाठवतात, आणि पुढं म्हणजे आणखी दीड तास. ही भीती प्रशिक्षणानं जाते.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि त्यांतून प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढं आला. नोंद ठेवणं हेही औषधच असतं, हे त्यांच्या कामातून कळतं.

आफ्रिकेची गोष्ट आणखी दुखावणारी आहे. तिथल्या दहा जातींच्या सापांवर चालणारं एक प्रतिविष फ्रान्सची एक कंपनी बनवत होती. परवडत नाही म्हणून तिनं २०१४ मध्ये शेवटची खेप काढली. ज्यांना साप चावतो त्यांच्या खिशात पैसे नसतात, म्हणून बाजाराला त्यांच्यात रस नसतो. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत आणलं, आणि २०१९ मध्ये २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं. भारताचा स्वतःचा कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की प्रत्येक सर्पदंशाची आणि त्यानं झालेल्या मृत्यूची नोंद सक्तीची करा. शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणारं २ लाखांचं सानुग्रह अनुदान घ्यायचं, तरी मरणाचं कारण सांगणारा कागद लागतोच.

चावल्यावर काय करायचं ते थोडक्यात. आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. अंगठी, पैंजण, बांगड्या काढायच्या, कारण सूज येते. मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला धरून तो अवयव स्थिर करायचा, रुग्णाला चालवायचं नाही. १०८ ला फोन करायचा. गाडीला वेळ लागणार असेल तर मोटरसायकलवर मधे बसवून न्यायचं. साप मारत बसायचं नाही. आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवायची.

आण्णांचा मुलगा आता तीच जमीन करतो. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा रात्री त्याच्याबरोबर मोटर चालू करायला गेलो होतो. गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात बॅटरी, काठीनं पुढचं पाचट ठोकत चालला होता. स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं तर आत खडूनं मोठ्या अक्षरांत १०८ लिहिलेलं, आणि त्याखाली प्रतिविष असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर. मला म्हणाला, "मोबाईल बंद पडला तर कुणाच्याबी फोनवरनं लावता येतंय. आणि वेळ हितंच लिवायची, म्हंजे इसरत न्हाई." पेटीत खडूचा एक तुकडा सुतळीनं बांधून ठेवला होता.