आईच्या फुंकरीचा मेंदूतला मार्ग

परवा अंगणात धावताना माझ्या पाच वर्षांच्या भाचीचा गुडघा फुटला. तिच्या आईने जखम स्वच्छ पाण्याने धुतली, कडेकडेने हात फिरवला, हळूच फुंकर घातली आणि "मुंगी मेली बघ, आता थांबेल हं दुखायचं," असे सांगितले. रडणे हुंदक्यांवर आले आणि थोड्याच वेळात ती पुन्हा खेळायला पळाली. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "मनाचे खेळ असतात सगळे." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्यातला 'मनाचे म्हणजे खोटे' हा गर्भित अर्थ मला नेहमी खटकतो. जे मनात घडते ते मेंदूत घडते, आणि मेंदूत जे घडते ते अवयवाइतकेच खरे असते.

चोळल्याने वेदना कमी होते याचे एक कारण निराळे आहे. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अडवतात, असा सिद्धान्त मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडला. परंतु 'आता थांबेल' या दोन शब्दांचे काय? आईवरचा विश्वास आणि बरे वाटेल ही आशा यांना शरीरात काही वाट आहे का?

ती वाट आहे, आणि तिचा पहिला ठोस पुरावा दाढेच्या दुखण्यातून मिळाला. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषधी गुण नसलेले, केवळ औषध म्हणून दिलेले द्रव्य, म्हणजे प्लासिबो, दिल्यावर काही रुग्णांच्या वेदना कमी झाल्या. मग नॅलॉक्सोन नावाचे औषध दिले गेले. हे औषध पेशींवरच्या ज्या जागी मॉर्फीन हे तीव्र वेदनाशामक जाऊन बसते, त्या जागा अडवून ठेवते. ज्यांना प्लासिबोने आराम पडला होता, त्यांच्या वेदना नॅलॉक्सोननंतर वाढल्या. केवळ कल्पनेने आलेला आराम एखाद्या रसायनाने पुसला जात असेल, तर तो आराम घडवणारेही रसायनच असले पाहिजे. मॉर्फीनसारखे काम करणारी द्रव्ये आपला मेंदू स्वतःच तयार करतो, हे त्याच्या तीनच वर्षे आधी ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी दाखवले होते. ही द्रव्ये विश्वासाच्या हाकेला धावून येतात, हे या प्रयोगाने सुचवले.

ही हाक कुठून कुठे जाते, तो मार्ग मला शरीरातल्या सर्वांत सुंदर रचनांपैकी एक वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. 'आता बरे वाटेल' ही अपेक्षा कपाळामागच्या मेंदूत, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये आकार घेते. तिथून संदेश खाली मध्यमेंदूतील पेरिॲक्विडक्टल ग्रे या भागाकडे जातो. मेंदूतील द्रव वाहणाऱ्या एका अरुंद नळीभोवती असलेला हा करड्या रंगाचा पेशीसमूह एन्केफेलिन आणि एंडॉर्फिन या मॉर्फीनसारख्या द्रव्यांच्या साहाय्याने काम करतो. तो पुढे मेंदूच्या बुंध्यातील रोस्ट्रल व्हेंट्रोमेडियल मेड्युला या केंद्राला जागे करतो, आणि त्या केंद्राचे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या शिंगांपर्यंत, म्हणजे त्याच्या मागच्या बाजूच्या शिंगासारख्या भागांपर्यंत, उतरतात. गुडघ्याकडून आलेला वेदनेचा संदेश मेंदूकडे चढण्यापूर्वी नेमका याच शिंगांत पुढच्या पेशीच्या हाती सोपवला जातो, आणि तिथेच त्याचा जोर कमी केला जातो. म्हणजे वेदना मेंदूत पोचल्यावर आपण तिकडे दुर्लक्ष करतो एवढेच घडत नाही, तर वर चढणारा संदेशच क्षीण होतो. 2009 मध्ये जर्मनीतील आयपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफएमआरआयने, म्हणजे पेशींची हालचाल दाखवणाऱ्या चुंबकीय चित्रणाने, मज्जारज्जूचे निरीक्षण केले, तेव्हा प्लासिबोमुळे तिथली वेदनासंबंधी हालचाल मंदावलेली दिसली.

इटलीतील तुरीन येथील संशोधक बेनेदेत्ती यांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने तपासला. शस्त्रक्रियेनंतर तेच वेदनाशामक काही रुग्णांना समोर उभे राहून, सांगून दिले, आणि काहींना लपवलेल्या पंपातून, न कळवता दिले. न कळता मिळालेल्या औषधाचा गुण कमी आला. भीतीही अशीच काम करते: 'खूप दुखेल' असे सांगितल्यास कोलेसिस्टोकायनिन या द्रव्याच्या मार्गाने वेदना वाढते.

मात्र या शक्तीला मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो. 2011 मध्ये दम्याच्या रुग्णांवरील एका अभ्यासात खऱ्या औषधाने श्वासाची क्षमता सुमारे 20 टक्के वाढली, तर प्लासिबोने साधारण 7 टक्के, म्हणजे काहीच उपचार न केल्याइतकीच. तरीही 'बरे वाटते' असे सांगण्यात औषध घेतलेले आणि प्लासिबो घेतलेले रुग्ण जवळपास सारखेच होते. अंगारा लावून दमा बरा करणाऱ्याकडे माणसाला खरोखर आराम वाटू शकतो, आणि त्याच वेळी त्याच्या श्वासनलिका आवळलेल्याच राहतात, हा धोका यात आहे. विष, जंतू आणि गाठी यांना आशा ऐकू येत नाही. साप किंवा विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे, ते याच कारणाने योग्य आहे.

आशेसारखीच मनाला बरे वाटायला लावणारी भावना म्हणजे कृतज्ञता, आणि तिच्याबद्दलही असेच तोलून बोलावे लागते. आठवड्यातून एकदा आभार मानण्याजोग्या पाच गोष्टी वहीत लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटते, असे एमन्स आणि मॅककला यांना 2003 मध्ये आढळले. नैराश्यावर मात्र अशा वहीचा परिणाम अल्पच असतो, असे नंतरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले. वही लिहावी, पण डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत.

माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दिवसपाळीच्या परिचारिका सलाइनच्या नळीत इंजेक्शन सोडून निमूट निघून जात. रात्रपाळीची मुलगी आधी खाटेशी थांबायची, सिरिंज आईला दाखवायची आणि म्हणायची, "आजी, हे दुखण्याचंच औषध आहे. दहा मिनिटांत बरं वाटेल, मी बघायला येते." आणि ती यायची. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. आई मात्र त्याच रात्री झोपली. घरी निघायच्या दिवशी टॅक्सी दाराशी येऊन थांबली होती, तरी ती पाळी बदलेपर्यंत चाकाच्या खुर्चीत बसून राहिली. ती मुलगी आल्यावर आईने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि मगच ती निघाली.