विवाह आणि प्राप्तिकर (खानदेश)

प्राप्तिकर कायदा नवरा-बायकोला दोन स्वतंत्र करदाते मानतो. लग्नानंतरही पॅन दोन, विवरणपत्रे दोन, करमुक्त मर्यादाही ज्याची त्याची. दोघांनी मिळून एकच विवरणपत्र भरण्याची सोय भारतात नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शेती, व्यापार आणि नोकरीचा पैसा एकाच घरात एकत्र होतो. तो मुळात कोणाचा, हे ठरवतानाच बहुतेक चुका होतात.

सर्वात जास्त घोळ मुदतठेवींत होतो. पतीने स्वतःच्या कमाईतून पत्नीच्या नावे १० लाखांची ठेव केली आणि ७ टक्क्यांनी वर्षाचे ७०,००० रुपये व्याज आले, तर ते पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते (१९६१ च्या कायद्याचे कलम ६४). दिलेल्या रकमेवर कर नाही. त्या रकमेपासून होणारे उत्पन्न मात्र देणाऱ्याचे. पतीने ते विवरणपत्राच्या एसपीआय परिशिष्टात (दुसऱ्याच्या नावचे पण आपल्यात मिळवायचे उत्पन्न दाखवण्याच्या तक्त्यात) दाखवायचे असते. बँक व्याजातून आधीच कापलेला कर (टीडीएस) पत्नीच्या पॅनवर भरते, म्हणून तो पतीच्या पॅनवर दाखवावा असे निवेदन पत्नीने बँकेला आधीच द्यावे. नाहीतर उत्पन्न एकाकडे आणि टीडीएस दुसऱ्याकडे राहतो व परतावा अडकतो. त्या ७०,००० ची पुन्हा ठेव केली, तर तिचे व्याज पत्नीचे स्वतःचे. पत्नीने पतीला पैसे दिले तरी नियम हाच. लग्नाआधी दिलेल्या रकमेला तो लागत नाही.

डाळमिलच्या नफ्यात पतीचा २० टक्के किंवा अधिक वाटा असेल आणि पत्नीला तिथून पगार मिळत असेल, तर तो पगारही पतीच्या उत्पन्नात जातो. पत्नी सीए असेल, किंवा तशीच व्यावसायिक वा तांत्रिक पात्रता तिच्याकडे असेल आणि पगार त्या ज्ञानाच्या कामाचा असेल, तर तो तिचाच राहतो. नुसते हजेरीपत्रकावर नाव पुरत नाही.

रावेर-यावलकडे केळीची बाग बक्षीसपत्राने पत्नीच्या नावे केली जाते. सातबारा बदलला तरी बागेचे उत्पन्न पतीचेच धरतात. शेतीचे म्हणून ते करमुक्त असते. पण ते ५,००० रुपयांवर आणि पतीचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल, तर कराचा दर ठरवताना ते हिशेबात येते.

लग्नात वधू-वरांना मिळालेला आहेर कितीही मोठा असला तरी करमुक्त असतो. त्यांच्या आई-वडिलांच्या हाती पडलेल्या पाकिटांना ही सवलत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीला वडील, भाऊ किंवा मामाने दिलेले पैसेही करमुक्त, मात्र सणामुळे नव्हे, नात्यामुळे. मामेभाऊ, चुलतभाऊ कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत बसत नाहीत. अशांकडून वर्षभरात एकूण ५०,००० च्या वर मिळाले, तर पूर्ण रक्कम करपात्र होते. आहेराची वही आणि सराफाची बिले म्हणूनच जपावीत. प्राप्तिकर झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी १९९४ ची सूचना आहे; ती जप्तीपुरती, सोन्याचा स्रोत विचारला जाऊ शकतो.

एका समारंभासाठी एकाच व्यक्तीकडून २ लाख किंवा अधिक रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. मंगल कार्यालय व आचाऱ्याचे पैसे बँकेतूनच द्यावेत. हप्ते पाडून सुटका होत नाही.

पॅनवर सासरचे नाव लावणे बंधनकारक नाही. लावायचे असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा. आधार, पॅन आणि बँक खाते या तिन्हींवर नाव सारखे ठेवावे. क्रमांक तोच राहतो, कार्डावर वडिलांचेच नाव राहते. नव्या नावाने दुसरे पॅन काढल्यास १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.