आयझाया थॉमस, पण कोणता?

बास्केटबॉलबद्दल मराठीत लिहायला बसलं की एक पंचाईत होते. 'आयझाया थॉमस' हे नाव देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहिता येतं, माणसं मात्र दोन आहेत. रोमन लिपीत धाकट्याच्या नावात एक 'ए' जास्त असतो, त्यामुळे तिथे निदान डोळ्यांना फरक कळतो. उच्चार दोघांचा सारखाच. दोघंही पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ मांडणारे, आणि दोघंही एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, मानाने बुटके: थोरला ६ फूट १ इंच, धाकटा जेमतेम ५ फूट ९ इंच.

निवृत्त होऊन हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-यादीत, गेलेला तो थोरला. जन्म १९६१चा, शिकागोच्या वेस्ट साइडचा, नऊ भावंडांतलं शेंडेफळ. १९८१ मध्ये त्याने इंडियाना विद्यापीठाला कॉलेज स्पर्धेचं विजेतेपद मिळवून दिलं आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, डेट्रॉइट पिस्टन्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पुढचे तेराही हंगाम तो तिथेच खेळला. पिस्टन्सचा खेळ इतका धसमुसळा की त्यांना 'बॅड बॉइज' म्हणत. हसऱ्या चेहऱ्याचा थॉमस त्यांचा कर्णधार. १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी घेतली. १९९१ मध्ये शिकागो बुल्सनी त्यांना बाद फेरीच्या मालिकेत ४-० धुतलं, तेव्हा सामना संपायच्या आधीच थॉमस आणि त्याचे काही साथीदार हस्तांदोलन न करता निघून गेले. १९९२च्या अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात, 'ड्रीम टीम'मध्ये, त्याला जागा मिळाली नाही, त्यामागे मायकल जॉर्डनशी असलेलं वैर होतं असं अजूनही बोललं जातं. गुणवत्तेवर तो त्या संघात हवा होता, असं माझं स्पष्ट मत. एप्रिल १९९४ मध्ये टाचेमागची कंडरा तुटली आणि बत्तिसाव्या वर्षी खेळ थांबला. खात्यावर १८,८२२ गुण आणि ९,०६१ असिस्ट, म्हणजे साथीदाराला बास्केट करता यावी असे पास.

धाकटा वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा. त्याचे वडील लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे भक्त. १९८९ची अंतिम लढत लेकर्स हरले तर मुलाचं नाव पिस्टन्सच्या थॉमसवरून ठेवीन, अशी पैज त्यांनी मित्राशी लावली आणि हरले, असं सर्रास सांगतात. पण मुलगा जन्मला फेब्रुवारीत, अंतिम सामने झाले जूनमध्ये! पैज लागली होती हे खरं, पण निकाल लागेपर्यंत वडिलांना ते नाव आवडूनच गेलं होतं. आईची अट एवढीच की स्पेलिंग बायबलमधलं हवं. मराठी बायबलमध्ये हाच संदेष्टा 'यशया' म्हणून भेटतो.

थोरला दुसरा निवडला गेला होता. बरोबर तीस वर्षांनी, २०११ मध्ये, हा साठावा, म्हणजे यादीत अगदी शेवटचा. २०१६-१७ मध्ये बोस्टन सेल्टिक्सकडून त्याने सामन्यामागे २८.९ गुण काढले. मग कमरेच्या सांध्याची दुखापत झाली, क्लीव्हलँडला रवानगी झाली आणि त्यानंतर नुसती संघांची फिरती.

सगळ्यात जास्त सरमिसळ होते ती 'दुखणं सोसून खेळला' या आठवणीची, कारण ती दोघांबद्दल सांगतात. घोटा मुरगळलेला असताना एकाच क्वार्टरमध्ये २५ गुण करणारा तो थोरला: १९८८ची अंतिम लढत, सहावा सामना, समोर लेकर्स. अंतिम फेरीतला तो विक्रम अजून टिकून आहे, सामना मात्र पिस्टन्स एका गुणाने हरले. ५३ गुण करणारा तो धाकटा: २ मे २०१७, वॉशिंग्टन विझार्ड्सविरुद्ध. त्याची बहीण अडीच आठवड्यांपूर्वी मोटार अपघातात गेली होती आणि त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. त्या ५३ पैकी २९ गुण शेवटच्या क्वार्टरमध्ये आणि जादा वेळेत आले. बोस्टन जिंकलं.

आणि ज्या लेकर्सपायी वडिलांनी पैज लावली, त्याच लेकर्सची जर्सी धाकट्याने २०१८ मध्ये घातली.