अमेरिकेतला कोच म्हणाला ‘जागा तुझी’, मग पेढे कधी वाटायचे?

मुलगी अकरावीत, टेनिस खेळते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या कोचचा व्हिडिओ कॉल येतो, तो म्हणतो, “जागा तुझी.” ती “हो” म्हणते, इन्स्टाग्रामवर ‘कमिटेड’ अशी पोस्ट पडते आणि मामा-काका पेढे मागू लागतात. ही झाली व्हर्बल कमिटमेंट. व्यवहार निव्वळ तोंडी, सातबाऱ्यावर नोंद नाही. ना खेळाडू बांधील, ना कॉलेज. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी एनसीएए या शब्दाची दखलही घेत नाही. कोच नोकरी बदलून गेला, तर नवा कोच जुन्याचा शब्द पाळेलच असं नाही. त्यातच 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटातल्या, अनेक कॉलेजांत संघ किती जणांचा असावा यावर मर्यादा आली, त्यामुळे कबूल केलेली जागा उरेलच असं नाही.

म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी विचारा. शिष्यवृत्ती नेमकी किती डॉलर? किती वर्षं? राहणं-जेवण त्यात धरलंय? आणि अ‍ॅडमिशन ऑफिसनं मार्कशीट पाहिल्यात का, कारण प्रवेश देणं कोचच्या हातात नसतं. पैशाचं विचारायला आपल्याला संकोच वाटतो. इथे तो महागात पडेल. उत्तरं ईमेलवर घ्या.

डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत कोच दहावीनंतरच्या 15 जूनपासून थेट संपर्क साधू शकतो. लेखी प्रस्ताव येतो तो बारावीच्या वर्षी, 1 ऑगस्टपासून. 1964 पासून चालत आलेलं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे खेळाडूला कॉलेजशी बांधणारं लेखी पत्र, 2024 मध्ये बंद झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर, आणि खरी गाठ तिथेच बसते.

डिव्हिजन वनसाठी 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (4 पैकी सरासरी गुणांक) लागतो. एनसीएएनं 2023 मध्ये एसएटी या प्रवेश परीक्षेची अट काढली. कॉलेज मात्र तिचे गुण मागू शकतं. हे विषय नववीपासून चार वर्षांत संपवायचे असतात. बारावीनंतर ‘ड्रॉप’ घेऊन मार्क वाढवू, हा आपला नेहमीचा हिशेब इथे अंगलट येऊ शकतो.

खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या वेबसाइटवर खातं उघडा. नववी ते बारावीच्या मार्कशीट, बोर्डाची प्रमाणपत्रं आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर तयार ठेवा. स्पर्धेत बक्षिसाची रक्कम घेतली असेल तर तिचा हिशेबही. आय-20 (कॉलेज देतं तो व्हिसासाठीचा कागद) आणि एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा प्रवेशानंतर.

डिव्हिजन थ्री (एनसीएएचा तिसरा गट) आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही, त्यामुळे तसा करारही नाही. तिथे प्रवेशपत्र हाती पडेपर्यंत बाकीचे अर्ज मागे घेऊ नका.