अ‍ॅम्बेसेडरचा वॉटर पंप: सीलची गळती आणि पॅकिंगची गळती

जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या फॅनमागून पाणी ठिबकताना दिसले, की बहुतेक वेळा ‘वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा पंप) गेला’ असा निर्वाळा लगेच दिला जातो आणि नव्या पंपाची शोधाशोध सुरू होते. वास्तविक त्या एकाच जागेखाली दोन निराळ्या गळत्यांचे पाणी साचते. एक गळती पंपाच्या आतल्या, पाणी अडवणाऱ्या सीलची असते आणि दुसरी पंप व इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या कागदी पॅकिंगची. पहिलीत पंप बदलावा किंवा आतले झिजलेले भाग बदलून नव्याने भरून घ्यावा लागतो, तर दुसरीत पंप ठणठणीत असू शकतो.

मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या या गाडीच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात पंप ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर बोल्टांनी बसवलेला असतो आणि फॅन व पुली त्याच्याच शाफ्टवर फिरतात. शाफ्टच्या मागच्या टोकाला पाणी ढकलणारा इम्पेलर, पुढे बेअरिंग आणि या दोहोंच्या मध्ये स्प्रिंगने दाबून धरलेले कार्बनचे सील, अशी आतली रचना असते. सील झिजले की पाणी बेअरिंगकडे सरकू लागते. ते तिथवर न पोहोचता बाहेर पडावे, यासाठी बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, आणि सीलची गळती ओळखायची ती याच भोकाशी. काही ठिकाणी ते एम-सीलने बुजवून गाडी मालकाच्या हवाली केली जाते. याहून घातक उपाय मला ठाऊक नाही, कारण अडलेले पाणी बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढते, शाफ्टला खेळ (सैलपणा) येतो आणि अखेरीस डगमगणाऱ्या फॅनची पाती रेडिएटरच्या जाळीत घुसू शकतात.

पॅकिंगची गळती सांध्याच्या रेषेतून येते. बोल्ट असमान आवळलेले असणे, जुन्या पॅकिंगचे तुकडे न खरवडता त्यावरच नवे पॅकिंग बसवणे किंवा वर्षानुवर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी भरल्याने ब्लॉकच्या तोंडाला खड्डे पडणे, ही तिची नेहमीची कारणे होत. अशा गाडीला नवा पंप जरी लावला, तरी तोंड साफ न केल्यास पाणी पुन्हा येते आणि मग बिचारा नवा पंपच खराब ठरवला जातो.

दोन्हींतला फरक पाहायचा तर आधी इंजिन थंड असताना पंपाचा सगळा भाग फडक्याने कोरडा पुसावा. जुन्या डागांवर विसंबू नये, कारण फिरत्या फॅनच्या वाऱ्याने थेंब मागे उडतात आणि इंजिनचा पुढचा भाग सगळाच ओला होतो. इंजिन चालू करून गरम होऊ द्यावे, मग बंद करावे आणि रेडिएटरचे झाकण न उघडता टॉर्च व छोटा आरसा घेऊन पंपाखाली पाहावे. थेंब कोठे पडतो यापेक्षा तो कोठून निघतो हे महत्त्वाचे आहे. भोकाच्या कडेने ओघळ सुरू होत असेल तर सील गेले आहे. सांध्याच्या कडेला तांबूस किंवा पांढरट पुटाची रेघ असेल, एखाद्या बोल्टाभोवती ओल असेल, तर पॅकिंग. वरच्या होज पाइपची क्लिप सैल असल्यास तिचेही पाणी ओघळून इथेच येते, म्हणून नजर वरून खाली न्यावी.

इंजिन पुरते थंड झाल्यावर फॅनची समोरासमोरची पाती धरून हलवून पाहावीत. खेळ जाणवला किंवा बेल्ट काढून फिरवताना खरखर लागली, तर गळती कोणतीही असो, पंप उतरवावाच लागेल.

पॅकिंगपुरते काम असले तरी पाणी काढणे, डायनॅमो सैल करणे, बेल्ट, फॅन आणि होज पाइप सोडवणे हे सगळे करावेच लागते. म्हणून पंप बराच जुना असेल तर उतरवलेला असतानाच सील बदलून घ्यावे, असे माझे मत आहे. बोल्ट गंजलेले असतात. जोर लावून एखादा ब्लॉकमध्येच तुटला तर मूळ कामाहून मोठे काम होऊन बसते, तेव्हा आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडावे. बसवताना ते आळीपाळीने, समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळावेत.

नव्या पंपाच्या भोकातून सुरुवातीला दोन-चार थेंब आले तर घाबरू नये, कार्बन आपल्या जागी बसेपर्यंत तसे होऊ शकते. गाडी थोडी चालल्यावरही ते थांबले नाहीत, तर मात्र पंप परत करावा. दुकानाच्या फळीवर वर्षे काढलेल्या पंपाची बॉडी कोरी करकरीत दिसली, तरी सीलचे रबर आत ताठ झालेले असू शकते.