कांगर्लुसुआक ते नूक : ३१७ किलोमीटरची पार्श्वभूमी

कांगर्लुसुआक आणि नूक या ग्रीनलंडच्या पश्चिम भागातल्या दोन विमानतळांत सरळ रेषेत सुमारे ३१७ किलोमीटर अंतर आहे. डॅश-८ हे पंख्याचं छोटं विमान ते तासाभराच्या आतच कापतं. दोन शहरांना जोडणारा मोटररस्ता ग्रीनलंडमध्ये कुठेच नाही, त्यामुळे या तासाला रस्त्याचा पर्याय नव्हता.

कांगर्लुसुआकची धावपट्टी १९४१ मध्ये अमेरिकी सैन्याने बांधली. दीडशे किलोमीटरहून लांब खाडीच्या आतल्या टोकाला समुद्राचं धुकं फारसं पोचत नाही, म्हणून ती जागा निवडली. तिथे वस्ती नव्हती आणि आजही काहीशे माणसंच राहतात. राजधानी नूकला १९७९ मध्ये विमानतळ मिळाला, पण धावपट्टी अवघी ९५० मीटर. मोठी जेट विमानं तिथे उतरूच शकत नव्हती. कोपनहेगनहून निघालेला माणूस साडेचार तासांनी कांगर्लुसुआकला उतरायचा आणि तिथून छोट्या विमानाने नूकला जायचा.

'उड्डाणाचा वेळ' हा शब्द इथे फसवा ठरतो. वेळापत्रकात चाकाखालचा अडसर काढल्यापासून तो पुन्हा लावेपर्यंतची मिनिटं धरतात. मधलं ताटकळणं त्यात येत नाही, आणि नूकवर धुकं असेल तर रात्रीचा मुक्कामही येत नाही. कांगर्लुसुआकच्या विमानतळाबाहेर बाणांचा एक खांब आहे. कोपनहेगन, न्यूयॉर्क, उत्तर ध्रुव अशा प्रत्येक फळीवर किलोमीटरऐवजी तास-मिनिटं लिहिलेली आहेत. त्या खांबावरही वाट पाहण्याचा वेळ नाही, आणि प्रवाशाला खरा सोसावा लागायचा तो तोच.

नूकला लांब धावपट्टी बांधायचं ठरलं, तेव्हा २०१८ मध्ये वाद पेटला तो पैशांवरून. एक चिनी सरकारी कंपनी बांधकामासाठी पुढे आली. ग्रीनलंड ज्या राज्याचा स्वायत्त भाग आहे त्या डेन्मार्कने ७० कोटी डॅनिश क्रोनर घालून प्रकल्पात एक तृतीयांश वाटा घेतला. आपल्या विमानतळात डेन्मार्कचा शब्द नको, म्हणत सत्तेतला एक पक्ष सरकारमधून बाहेर पडला. जगभरच्या बातम्या चीनभोवतीच फिरत राहिल्या. प्रवाशांचं केंद्रच हलतंय आणि त्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न माझ्या मते त्याहून मोठा होता.

२८ नोव्हेंबर २०२४ ला नूकची २२०० मीटरची धावपट्टी सुरू झाली आणि कोपनहेगनचं विमान थेट राजधानीत उतरू लागलं. नूककरांचा विमान बदलण्याचा त्रास गेला. पण देशातलं दुसरं मोठं शहर सिसिमिउत बघा. तिथून कांगर्लुसुआक सुमारे १३० किलोमीटरवर होतं, नूक मात्र ३२० किलोमीटरवर आहे. कोपनहेगनला जायचं तर आता आधी तेवढं दक्षिणेला उतरावं लागतं. आणि नूकची धावपट्टी बांधली जात होती त्याच वर्षांत सिसिमिउतहून कांगर्लुसुआकच्या दिशेने एटीव्हीपुरती, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या छोट्या चारचाकीपुरती, कच्ची वाट खणली जात होती.