बिजवाईचं मडकं आणि नोटांचे डबे
आमच्या भागात कापसाचा चुकारा दिवाळीच्या आगेमागे हाती येतो. पुढे तुरीचे थोडे पैसे, आणि मग मृगापर्यंत सारं कोरडं. तेवढ्यात किराणा, लग्नसराई, दवाखाना आणि पोरांच्या फिया भागवून जूनच्या बियाण्याला पैसा उरायला हवा.

धान्यापुरतं हे कोडं आपल्या आज्यांनी सोडवलं होतं. खावटीची, म्हणजे खायच्या धान्याची कणगी वेगळी; बिजवाईचं, म्हणजे पेरणीच्या बियाण्याचं मडकं वेगळं. मडक्यात राख, कडुनिंबाचा पाला आणि तोंडावर शेणामातीचं लिंपण. खावटी संपत आली तरी ते लिंपण फोडायला कुणाचा हात धजत नसे. दोन्हीकडे ज्वारी तीच!

रुपया कुठेही ठेवला तरी रुपयाच, असं जुनं अर्थशास्त्र मानतं. मन तसं मानत नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली लोकांना विचारलं: १० डॉलरचं नाटकाचं तिकीट हरवलं तर दुसरं घ्याल? ४६ टक्के हो म्हणाले. तिकीट काढण्याआधी १० डॉलरची नोटच हरवली असेल तर? ८८ टक्के हो. नुकसान सारखंच, पण तिकीट ‘नाटकाच्या’ खात्यातून गेलेलं होतं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या खात्यांचा सखोल अभ्यास केला. २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो दिलीप सोमण आणि अमर चीमा या संशोधकांचा २०११ मधला अभ्यास, कारण तो आपल्याच देशातल्या खेड्यांतल्या मजुरांवर झाला. बचतीची रक्कम पाकिटात बंद करून दिली. काहींना एकच पाकीट, काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत. काही पाकिटांवर त्यांच्या मुलांचे फोटो लावले. दोन पाकिटं असलेल्यांची बचत जास्त झाली, फोटोंनीही ती वाढली. एक पाकीट फाडलं की त्यातलं सगळं खर्चाला मोकळं होतं. दुसऱ्यापाशी हात पुन्हा अडतो. बिजवाईचं लिंपण हेच काम करत होतं.

माझ्या आईच्या फडताळात स्टीलचे चार डबे आहेत: किराणा, शाळा, दवाखाना, बियाणं. बियाण्याच्या डब्याचं झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागतं. तो डबा तिनं मुद्दाम निवडलाय.

पण भिंत फार पक्की झाली की घात होतो. डब्यात १०,००० रुपये असताना आम्ही एकदा दवाखान्यासाठी तेवढेच महिना शेकडा तीन व्याजाने उचलले. चार महिन्यांत १,२०० रुपये व्याज गेलं. बचत खात्यात वर्षाला ३ टक्के दराने त्याच पैशांवर १०० मिळाले असते. ‘बियाण्याचे पैसे मोडायचे नाहीत’ या जिद्दीपायी हे झालं, आणि अशा घरांना मी दोष देऊ शकत नाही.

आता आई गरजेला डब्यातूनच उसने घेते आणि आत चिठ्ठी टाकते. मागच्या माघातली चिठ्ठी अशी होती: ‘बियाण्याचे २,००० दवाखान्याला दिले. तूर विकली की पयले इथं.’